कडक् आवाजाची फर्माईश

वाळूजच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून आलेला तिशीतला तरुण टेबलावर आडवा व्हायच्या आधीच मोबाइल पुढं करतो. "मॅडम, हे असं करा की." रीलमध्ये कुणीतरी एका माणसाची मान दोन्ही हातांत धरून झटका देतो, कडक् आवाज येतो आणि तो माणूस हसत उठतो. मॅडम रील शेवटपर्यंत बघतात. मग म्हणतात, "आधी बूट काढा. टाचांवर चालून दाखवा. आता चवड्यांवर."

गारखेड्यातला हा फिजिओथेरपीचा एका शटरचा गाळा. दोन टेबलं, मधे पडदा, शेकाच्या पट्ट्या गरम ठेवणारी टाकी आणि हप्त्यावर घेतलेलं करंटचं मशीन. मॅडमना स्वतःचं दुकान थाटून पाच महिने झालेत ('दुकान' हा त्यांचाच शब्द). माझ्या कंबरेत चमक भरली म्हणून मी गेलो होतो. दोनदा बोलावून त्यांनी मला मोकळं केलं. त्यानंतर मी काही दिवस बाकड्यावर नुसता बसून राहिलो, बघायला.

रीलमधल्या त्या विद्येचं नाव कायरोप्रॅक्टिक. तिचा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी, 1895 साली. डी. डी. पामर यांनी इमारतीतल्या एका सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याची गेलेली ऐकू येण्याची शक्ती परत आली, असा त्यांचा दावा होता. त्याला हसण्याआधी आपल्याकडची उसण आठवावी. पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायला आपले आजोबा दोन कोस चालत जायचे. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र नोंदणी परिषद नाही. फिजिओथेरपिस्टना मात्र पदवी, इंटर्नशिप आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी, एवढं सगळं करावं लागतं. त्यामुळे रील तिकडचं आणि फर्माईश गारखेड्यात.

तरुण आता उताणा झोपलाय. मॅडम त्याचा पाय गुडघा न वाकवता हळूहळू वर नेतात. "कुठं दुखायलंय? मांडीत? पोटरीत?" मुंग्या येतात का, लघवीला काही त्रास, कपडे घालताना खालचा भाग बधिर वाटतो का? हे शेवटचं विचारताना आवाज बदलत नाही, पण नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. इथे उत्तर 'हो' आलं तर व्यायाम नाही, थेट दवाखान्याची गाडी. उत्तर 'नाही' येतं. मग एक रिकामं खोकं जमिनीवर ठेवून त्या म्हणतात, "कंपनीत उचलता तसं उचला." तो कंबरेतून वाकतो, उचलतो आणि पाय जागेवरच ठेवून डावीकडे पीळ घेतो. एका पाळीत असं किती वेळा, ते त्यानं कधी मोजलेलं नाही. पुढची वीस मिनिटं खोकंच. पाय वळवा, मग अंग वळवा. पुन्हा.

आवाजाचं काय, असं त्यानं जाताना विचारलंच. सांध्यातल्या द्रवात झटक्यानं पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज; हाड 'जागेवर बसल्याचा' नव्हे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये बोट ओढताना एमआरआयवर हे टिपलं होतं. मॅडमनी एवढं न सांगता स्वतःचं बोट कटकन मोडून दाखवलं. "हे घ्या. काही बरं झालं का?" तो हसला, पण पैसे देताना चेहऱ्यावर 'एवढंच?' होतं.

दुसऱ्या दिवशी पैठणकडच्या एक मावशी आल्या. कंबर रात्री ठणकते, संध्याकाळी कणकण, लुगडं सैल व्हायला लागलंय. मॅडमनी मशीनला हात लावला नाही. चिठ्ठी लिहिली आणि घाटी रुग्णालयात एक्स-रे काढायला पाठवलं. मणक्याचा क्षयही असाच येतो. मावशी जाम रागावल्या. "इतक्या लांबून आले पोरी, साधा शेकबी नाही दिलास." त्या सकाळची कमाई शून्य.

खरी गंमत मला मॅडमच्या वहीत सापडली. शेवटच्या पानावर एक रकाना आहे, 'आले नाहीत'. जुने सहकारी सांगतात, दहा सिटिंगचं पॅकेज आधीच विक, म्हणजे ही कटकट राहत नाही. आणि गाळ्याचं भाडं बघता तो सल्ला अगदीच वाईट नाही. पण मॅडम आठवडाभरानं प्रत्येकाला फोन लावतात. कारण या धंद्यात बरा झालेला माणूस परत येत नाही आणि नाराज झालेलाही येत नाही. नव्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, रिकामं बाकडं. त्यात साधी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. म्हणजे फोनवर 'बरं आहे' ऐकलं तरी श्रेय कुणाचं, खोक्याचं की दिवसांचं? "मला पहिल्या दोन महिन्यांत वाटायचं, मलाच काही येत नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "अजूनही मंगळवारी वाटतं." मंगळवारीच का, ते मी विचारलं नाही.

मावशींच्या मुलाचा फोन दोनदा वाजून बंद झाला. मॅडमनी नावापुढं गोल केला, उद्या पुन्हा. मग वाळूजचा नंबर. मागे मशीनची घरघर, तो ओरडूनच बोलत होता. दुखणं निम्म्यावर आलंय म्हणाला, पाय वळवूनच उचलतोय म्हणाला.

"पण मॅडम, ते आवाजाचं राहूनच गेलं की."