समुद्रावरच्या माणसांची देवी डोंगरात का?

ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकापासून चेंदणी कोळीवाडा फार लांब नाही. चैत्र लागला की तिथली, तशीच सगळ्या ठाणे, मुंबई, रायगडच्या किनाऱ्यांवरची कोळी आणि आगरी कुटुंबं बोरघाट चढून कार्ल्याला निघतात. षष्ठीला देवघरला, म्हणजे एकविरा आईच्या माहेरी, तिचा भाऊ काळभैरवनाथाचं दर्शन घ्यायचं आणि सप्तमीला एकविरेच्या पालखीला हजर व्हायचं. प्रश्न अगदी साधा आहे. आयुष्य खाडीवर आणि दर्यावर काढणाऱ्यांची देवी घाटमाथ्यावर, तीही एका बौद्ध चैत्यगृहाच्या ऐन तोंडाशी, कशी काय?

पुराणकथा याचं एक उत्तर देते. पण त्या चैत्यात शिरल्यावर नुसती कथा पुरत नाही. खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावं आहेत. कुणी धेनुकाकट गावचे यवन, कुणी सोपाऱ्याचा भिक्षू. दूर कर्नाटकातल्या वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी तर हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह असल्याचं अभिमानाने कोरून ठेवतो. वर पाहावं तर छताला लाकडी कमानी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या! छत पेलायला त्यांची काही गरज नाही, ते अखंड कातळाचंच आहे. लाकडी बांधकामाची सवय दगडातही सुटली नव्हती. लिपी वाचणारा, लाकूड ओळखणारा, व्यापाराचे मार्ग आखणारा आणि नवस ऐकणारा, अशा सगळ्यांना इथे काम आहे.

हे सगळं एकाच माणसाने करून पाहिलं, ही मला अजून थक्क करणारी गोष्ट वाटते. दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) गणिती होते. 1944 साली त्यांनी मांडलेलं एक सूत्र आनुवंशशास्त्रज्ञ आजही त्यांच्या नावाने वापरतात. त्यांनी प्राचीन नाण्यांचे ढीगच्या ढीग वजन करून तपासले. नाणं हातोहाती फिरताना कणाकणाने झिजतं. तेव्हा कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे वजनांच्या गणितातून सांगता येतं. मग हाच माणूस पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत राहिला. शेंदूर लावलेल्या तांदळ्यांच्या, म्हणजे देवीच्या अनघड दगडांच्या, आसपास त्यांना नखाएवढी दगडी पाती सापडत गेली, अश्मयुगीन हातांनी घडवलेली.

त्यातून त्यांनी मांडलं ते असं: मेंढरं-गुरं घेऊन हिंडणाऱ्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदत, तिथे आयांची ठाणी बसली. पुढे त्याच वाटांवरून व्यापारी तांडे चालू लागले आणि त्यांच्या आधाराने लेणी कोरली गेली. म्हणजे देवी आणि विहार शेजारी आले त्यामागे वाट आहे. ‘मिथ अँड रिॲलिटी’ या 1962 च्या पुस्तकात हे सविस्तर वाचायला मिळतं.

आता नकाशा समोर धरा. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर कार्ले, मधे बोरघाट. कोकणातून वर मीठ आणि सुकी मासळी जाणार, वरून धान्य उतरणार. किनाऱ्यावरच्या माणसाची घाटावरच्या आईशी गाठ याच चढणीवर पडली असावी, असं मला वाटतं. त्याला शिलालेखाचा पुरावा मिळणार नाही; पालखीबरोबर चालणाऱ्यांच्या गाण्यांत आणि घराघरांतल्या कुळाचारांत शोधावं लागेल.

तसं चालणं मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी केलं. बर्लिनमध्ये मानवी कवट्यांची मोजमापं घेऊन डॉक्टरेट मिळवलेल्या इरावतीबाई पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर पायी गेल्या. एका दिंडीत, एकाच नामात रंगलेली ब्राह्मण आणि मराठा माणसं जेवायला मात्र वेगवेगळी बसतात, हे त्यांना दिसलं आणि बोचलं. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते लपवलं नाही. भक्ती खरी आणि पंगतीही वेगळ्या. दोन्ही एकदम दिसायला अभंग ऐकणारा कान हवा आणि जातव्यवस्था जाणणारी नजरही. कार्ल्याच्या चैत्री पालखीबरोबर अशी कुणी चालेल, तर कुठल्या वाड्याची पालखी पुढे, मान कुणाचा आणि स्वयंपाक कुणाचा, हे तिने आधी टिपावं.