छोटी गाडी, छोटा बॉक्स आणि मोठा बेस

दादरच्या एका मित्राचा मे महिन्यात फोन आला. "तू आवाजावरच पीएचडी करतेस ना? मग माझ्या गाडीसाठी सबवूफरचा बॉक्स बनवायला मदत कर." गाडी कुठली, तर सॅन स्टॉर्म. 1990च्या दशकाच्या अखेरीस भारतात निघालेली ही दोन सीटची, टप उघडणारी, फायबर बॉडीची स्पोर्ट्‌स कार. सामानाची जागा जेमतेम. त्याला हवा होता 12 इंची वूफर आणि "छाती हलली पाहिजे" असा बेस. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर भडकमकर मार्ग, पण तसं कोण म्हणतं?) पैसे घेऊन तो निघालाच होता. मी म्हटलं, थांब, आधी टेप आण.

टेप कशाला, ते सांगते. पण त्याआधी, वूफरला मुळात बॉक्स का लागतो?

वूफरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. उघड्यावर ठेवलात तर पुढची हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. 40 हर्ट्‌झच्या लाटेची लांबी जवळपास साडेआठ मीटर असते, त्यामुळे दहा इंचांच्या कडेला वळसा घालणं तिच्यासाठी काहीच नाही. म्हणून मागची लाट कोंडून ठेवायची. बॉक्सचं पहिलं काम हे.

दुसरं काम जास्त मजेशीर आहे. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलून बघा. एडगर व्हिलचर यांनी 1954 मध्ये हीच हवेची स्प्रिंग मुद्दाम वापरून छोटा स्पीकर बनवला. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित इतकं सोपं करून ठेवलं की आज वूफरच्या कागदावरचे तीन आकडे पुरतात.

आमच्या 10 इंची वूफरचे आकडे असे: मूळ कंपनसंख्या 30 हर्ट्‌झ, Vas म्हणजे त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी कडक असलेली हवा 40 लिटर, आणि Qts 0.45. आता 40 ला बॉक्सच्या लिटरने भागा, 1 मिळवा, वर्गमूळ काढा. 20 लिटरच्या बॉक्ससाठी उत्तर येतं 1.73. या आकड्याने बाकीचे दोन्ही गुणले की कंपनसंख्या 52 हर्ट्‌झ आणि Q 0.78. Q 0.7च्या आसपास असला की बेस घट्ट वाटतो. 1 कडे गेला की एकाच सुराभोवती घुमायला लागतो. बॉक्स 10 लिटरचा केलात तर? 67 हर्ट्‌झ आणि 1.0. म्हणजे जागा वाचली, पण खालचे सूर गेले.

मित्र म्हणाला, "52च्या खाली काहीच नाही? मग छाती काय हलणार?" इथे टेपचा उपयोग.

गाडीच्या आतली सगळ्यात मोठी लांबी मोजली, सुमारे 1.7 मीटर. अर्धी लाट या लांबीत मावते ती साधारण 100 हर्ट्‌झला. त्याखालच्या लाटा गाडीत मावतच नाहीत. तिथे आवाज लाटेसारखा पसरत नाही, सगळ्या केबिनची हवा एकदम दाबली-सोडली जाते. पुस्तकी हिशोबात कंपनसंख्या निम्मी झाली की ही मदत 12 डेसिबलने वाढते. आणि बंद बॉक्सचा आवाज त्याच्या कंपनसंख्येखाली बरोबर 12 डेसिबलच्या दरानेच उतरतो! एक उतरतो, दुसरा चढतो. खऱ्या गाडीत फटी असतात, पत्रा-फायबर थरथरतो, म्हणून मदत थोडी कमीच मिळते. पण मिळते. गाडी जितकी छोटी, तितकी ही मदत वरच्या सुरापासून सुरू होते. 12 इंची वूफरची गरजच नव्हती.

बॉक्स परळला मित्राच्या मामांच्या गॅरेजमध्ये बनवला आणि पहिला चक्क फुकट गेला. चूक माझी. मी सुताराला 40 × 28 × 20 सेंटीमीटर सांगितलं, पण "आतून" म्हणायला विसरले. 18 मिलिमीटरच्या फळ्या वजा केल्यावर आत उरले साडेचौदा लिटर, त्यातले सुमारे दोन वूफरच्या चुंबकाने खाल्ले. Q गेला 0.92 वर. ढोलकीऐवजी पिंप वाजवल्यासारखं. दुसऱ्यांदा तेच माप आतून धरलं. बाहेरून जागा गेली साडेबत्तीस लिटर, आत वापरायला मिळाले वीस.

तुम्ही करणार असाल तर तीन गोष्टी.

सांधे हवाबंद हवेत. आतून सिलिकॉन भरा, मग 20 हर्ट्‌झचा सूर हळू लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवा. जिथे धूर थरथरतो, तिथे फट.

एमडीएफ पाणी पितो आणि फुगतो. मुंबईचा पाऊस आणि कापडी टप म्हणजे वॉटरप्रूफ प्लाय बरा, कडा सील करून.

आणि फ्यूज. 300 वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात जवळपास 30 अँपिअर ओढतो. वायरला झेपेल असा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. ॲम्प्लिफायरजवळ लावलात तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच करू शकत नाही, आणि फायबरची बॉडी पेट घेते.

रात्री मरीन ड्राइव्हला निघालो. टप बंद असताना तबल्याचा बायां अगदी मांडीवर वाजल्यासारखा. मित्र खूश. मग त्याने टप उघडला आणि बेस गेला. केबिनच राहिली नाही, तर मदत कुठून? त्याने लगेच आवाज वाढवला.

लालबागहून गिरगाव चौपाटीकडे येणाऱ्या मिरवणुकांत काही ठिकाणी स्पीकरची भिंतच्या भिंत का लागते, त्याचंही हेच उत्तर. उघड्यावर हवा कोंडणारं काही नसतं, आणि अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो. मागच्याला ऐकू जावं म्हणून वाढवलेल्या आवाजाचा मार मात्र भिंतीजवळ उभ्या असलेल्यांना बसतो. आमच्या गिरगावच्या चाळीत त्या वेळी खिडकीची तावदानं वाजतात, आणि आजी खाट भिंतीपासून दूर ओढायला लावते.

मी आवाज पुन्हा कमी केला. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि त्या वॉट मोजत नाहीत. त्याला सांगितलं, बेस हवा असेल तर टप लाव, टप उघडायचा असेल तर समुद्र ऐक.

त्याने टप लावला.