जुन्या मालकाने नाव खराब केलं तर

आज आपण जरा बोचरा विषय घेतो आहोत. नव्या ठिकाणी मुलाखत चांगली होते, पगार ठरतो, रुजू व्हायची तारीखही मिळते. आणि मग अचानक सगळं थंड पडतं. चार दिवसांनी कुणीतरी हळूच सांगतं, ‘तुमच्या आधीच्या कंपनीकडून काही बरं ऐकलं नाही.’

राग येतो. यायचाच, प्रश्न पोटाचा असतो. पण पहिलं काम माहिती काढायचं. कोण बोललं, कुणाशी, केव्हा आणि नेमक्या कोणत्या शब्दांत? नव्या कंपनीला नम्र मेल करून नकाराचं कारण विचारावं. उत्तर आलं नाही तरी आपण विचारल्याची नोंद राहते.

शब्द का महत्त्वाचे? कारण प्रत्येक वाईट बोलणं कायद्याच्या लेखी बदनामी नसतं. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्यात अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान बदनामी ठरत नाही. म्हणजे असं बघा, नव्या कंपनीने विचारलं आणि जुन्या साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ‘कामं वेळेत होत नसत’, तर आपल्याला झोंबेल, पण खटला उभा राहणं कठीण. उलट खोटं आहे हे ठाऊक असूनही ‘पैशांची अफरातफर करून गेला’ असं सांगितलं, तर सद्भावना उरली कुठे? आपली तक्रार यातल्या कोणत्या प्रकारात बसते, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं लागतं.

दुसरं काम कागद गोळा करायचं. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, वार्षिक मूल्यमापन, राजीनाम्याचा मेल आणि त्याला आलेलं उत्तर. रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं असेल तरी भविष्य निर्वाह निधीचं पासबुक आणि प्राप्तिकराचा फॉर्म २६एएस आपल्याला पोर्टलवरून काढता येतो. आपण तिथे नोकरीला होतो, हे त्यातून दिसतं. त्यासाठी साहेबांची मर्जी लागत नाही. शिवाय त्या काळात आपलं काम जवळून पाहिलेली दोन माणसं शोधावीत. कंपनी सोडून गेलेले वरिष्ठ चालतील, एखादा ग्राहकही चालेल. पुढच्या मुलाखतीत आपणच शांतपणे सांगावं, ‘शेवटच्या वरिष्ठांशी मतभेद झाले होते, माझ्या कामाबद्दल या दोघांना विचारा.’ एवढंच. उणीदुणी काढू नयेत.

तिसरं, जुन्या कंपनीला पत्र. बोलणाऱ्या साहेबाला नव्हे, त्याच्या वरच्याला किंवा एचआर प्रमुखांना. कोणतं विधान, ते खोटं का, सोबत पुरावा, आणि एकच मागणी: यापुढे चौकशी आली तर पद आणि नोकरीचा काळ एवढंच सांगावं. पुष्कळदा एकटा साहेब बोलत असतो आणि कंपनीला ही कटकट नकोच असते. पत्राचा उपयोग झाला नाही, तर वकिलामार्फत नोटीस.

कोर्ट सगळ्यात शेवटी, पण एक तारीख विसरू नका. अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याला १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने एकच वर्ष मिळतं. ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता ते निघून जातं. फौजदारी मार्गाने जायचं तर हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे तक्रार दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते. मेल, मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ मेसेज आणि तो फोन जपून ठेवावा.

आणि हो, या सगळ्या काळात त्या साहेबाचं नाव घेऊन लिंक्डइनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायचा मोह होतो. तो आवरा. कलम ३५६ आपल्यालाही लागू आहे, आणि आज तक्रारदार असलेले आपण उद्या आरोपी होऊ शकतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.