राखेची ताकद उशिरा येते

काँक्रीटचा 150 मिलिमीटरचा क्यूब प्रयोगशाळेतल्या दाबयंत्रात ठेवतात आणि फुटेपर्यंत दाब वाढवत नेतात. साध्या घराच्या स्लॅबचं एम-20 काँक्रीट असेल, तर 28 दिवसांनी एवढ्याशा ठोकळ्याने सुमारे 45 टन भार पेलायला हवा. फुटलेला क्यूब पाहण्यासारखा असतो. चारही बाजू ढासळतात आणि टोकाला टोक भिडवलेले दोन पिरॅमिड उरतात. यंत्राच्या पोलादी पाट्यांनी घर्षणामुळे वरचं-खालचं तोंड धरून ठेवलेलं असतं. मधला भाग मोकळा, तो बाहेर फुगून तुटतो. तुटलेल्या जागी बोट फिरवा. काळ्या दगडाची खडी बहुधा शाबूत लागते, चीर तिला वळसा घालून गेलेली असते. खडीला सिमेंट जिथे चिकटतं, तिथला केसापेक्षाही पातळ थर ही काँक्रीटची सगळ्यांत दुबळी जागा.

ती दुबळी का? काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, रासायनिक क्रियेने होतं. सिमेंट आणि पाणी यांच्यातून मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा सगळं धरून ठेवणारा. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना. ताकदीत त्याचा वाटा अगदी थोडा, आणि त्याचे स्फटिक नेमके खडीभोवती दाटतात.

आता यात फ्लाय अ‍ॅश घालून पाहू. औष्णिक वीजकेंद्रात कोळशाची पूड जळते तेव्हा तिच्यातले मातीचे कण ज्वाळेतच वितळतात, थेंबासारखे गोल होतात आणि झटकन थंड झाल्याने त्यांची काच बनते. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख मोहरी सांडल्यासारखी दिसते, गोल गोल, लहानमोठी. आपल्याकडची बहुतेक राख नुसत्या पाण्यात कालवली तर घट्ट होत नाही. पण सिमेंटमधून सुटलेला चुना मिळाला, की तिच्यातली सिलिका त्याच्याशी संयोग पावते आणि तोच धरून ठेवणारा पदार्थ आणखी तयार होतो. शिवाय जिथे चुना साठलेला, तिथेच! म्हणजे काँक्रीटची दुबळी जागाच भरून निघते. वीजकेंद्राने टाकून दिलेल्या राखेला हे जमावं, याचं मला आजही नवल वाटतं. जुन्या बांधकामांच्या चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालत ती याच गुणासाठी.

ही क्रिया मात्र फार संथ. सिमेंटचा बराच भाग काढून राख घातली, तर पहिल्या आठवड्यात काँक्रीट चांगलंच मागे असतं, 28 व्या दिवशीही बहुधा मागेच. मिश्रण नीट असेल आणि ओलावा टिकला, तर तीनेक महिन्यांत ते बरोबरी करतं आणि पुढेही जातं.

हा संथपणा धरणाला वरदान ठरतो. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं. धरणाच्या पोटातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. आतला भाग तापलेला आणि बाहेरचा निवलेला, या ओढाताणीत तडे जातात. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. राख वाढवली की उष्णता कमी होते. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर आहे. तिथल्या 250 मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पात भारतातली पहिली रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणं बांधली, आणि त्यांत सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. कोरडसर माल पातळ थरांत पसरायचा आणि रस्त्यासारखा रोलर फिरवायचा, अशी ही रीत. अशा धरणांची ताकद 90 दिवसांनी, कधी वर्षानेही मोजतात.

खडी बदलली की गोष्ट वेगळी होते. पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यातून काढलेल्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो. तो पाणी पितो, आणि एका खडीभोवती दोन दुबळ्या जागा होतात, एक जुनी, एक नवी. असं काँक्रीट त्याच भाराखाली जास्त वाकतं. म्हणून 2016 च्या भारतीय मानकाने सळईच्या कामात एम-25 पर्यंतच, आणि तीही 20 टक्क्यांपर्यंतच, ही खडी वापरायला मुभा दिली. मला ही सावधगिरी योग्य वाटते. पण पायाखालच्या हलक्या थरात पूर्ण राडारोडा चालत असताना त्यासाठी डोंगर फोडणं पटत नाही.

घर बांधत असाल तर सिमेंटची गोणी बघा. तिच्यावर ‘पीपीसी’ लिहिलेलं असेल, तर आतल्या सिमेंटमध्ये बहुधा 15 ते 35 टक्के राख आहे. साध्या सिमेंटला निदान 7 दिवस पाणी मारायचं असतं, या सिमेंटला निदान 10 दिवस, आणि 14 दिवस मारलं तर उत्तम. सातव्या दिवशी नळी गुंडाळून ठेवू नका.