चार पोटं आणि तिसरी ‘नीट’

सावलीत बसलेल्या गाईच्या मानेकडे पाच मिनिटं नुसतं बघत राहा. पुढ्यात चारा नसतो, तरी तोंड चालू असतं. पन्नासेक वेळा जबडा फिरतो आणि घास खाली जातो. तोंड दोन-चार सेकंद थांबतं. मग मानेच्या डाव्या बाजूने एक गोळा खालून वर सरकताना दिसतो आणि जबडा पुन्हा फिरू लागतो. सकाळी घाईघाईने गिळलेलं ती आता सावकाश चावते आहे. दिवसातले सात-आठ तास तिचे यातच जातात.

मराठीने ‘रवंथ’ हा शब्द गोठ्यातून उचलून थेट माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवला. आपण आठवणींचा रवंथ करतो, जुन्या भांडणांचा करतो. लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत पुस्तकांचा रवंथ चालतो. ‘रिपीट करतोय’, ‘ड्रॉप घेतलाय’ असं सांगणारी मुलं तिथे खोल्या घेऊन राहतात. बहुतेकांना एमबीबीएस हवं असतं. पण त्यांच्यात एखादा असा निघतो, ज्याच्या घरी दोन म्हशी आणि एक खिलार जोडी आहे आणि ज्याला खरोखर जनावरांचाच डॉक्टर व्हायचं आहे. दोनदा हुकलं, आता तिसरी खेप. सकाळी सहाला उठून तो वाचतो काय, तर माणसाची किडनी, माणसाचं हृदय आणि माणसाचा मेंदू.

कारण दार एकच आहे. पशुवैद्यक पदवीचा, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.चा, प्रवेश ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो. 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं तर एक जातो. निम्मे गुण जीवशास्त्राचे. 2024 साली ही परीक्षा 23 लाखांहून अधिक मुलांनी दिली. महाराष्ट्रात पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत ती मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा मोजक्या गावांत. नागपूरला मुख्यालय असलेलं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, सगळ्यांच्या तोंडी ‘माफसू’, त्यांचे प्रवेश करतं. यातल्या 15 टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद देशपातळीवर भरते. नीट दिली म्हणजे अर्ज झाला असंही नाही. माफसूचा फॉर्म वेगळा भरायचा, परिषदेचा वेगळा. कुणाला एमबीबीएस मिळालं की तो ही जागा सोडतो, यादी खाली सरकते आणि पुढच्या फेरीत एखाद्याचं नशीब उघडतं. कितीदा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही, आणि वयाची वरची अटही 2022 साली निघाली. म्हणजे रवंथाला नियमांची पूर्ण परवानगी आहे.

या परीक्षेचं गणितही अजब आहे. 2024 मध्ये 720 पैकी 720 मिळवणारे अनेक होते. 2025 मध्ये पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 गुण होते. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा 162 वरून 144 वर आली. त्यामुळे गुण घटले तरी क्रमांक वर जाऊ शकतो, आणि गुण वाढूनही मागे पडता येतं. रिपीटरला हे पहिल्या वर्षी कळत नाही. दुसऱ्या वर्षी कळतं, आणि मग तो गेल्या वर्षीच्या कटऑफकडे बघणं सोडून देतो.

खरी गंमत अभ्यासक्रमात आहे. 2024 पासून नीटच्या जीवशास्त्रातून काही प्रकरणं वगळली गेली. त्यातलं एक अन्नोत्पादन वाढवण्याचं, ज्यात पशुसंवर्धन होतं. दुसरं पचनाचं. म्हणजे उद्याचे पशुवैद्य ज्या चाळणीतून निवडायचे, त्या चाळणीत ना गोठा उरला ना पोट! मग गाय अजिबातच नाही का? आहे, पण दोन कोपऱ्यांत. जिवाणूंच्या वर्गीकरणात मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंचा पत्ता म्हणून गाई-म्हशींचं पोट येतं. आणि सूक्ष्मजीवांच्या प्रकरणात गोबरगॅसच्या निमित्ताने रुमेन हा शब्द डोकावतो. मोजून काही ओळी. आपल्या तिसऱ्या खेपेच्या मुलाने त्या इतक्यांदा वाचल्या आहेत की पानावर कुठे आहेत तेही त्याला पाठ आहे. चार गुणांची ओळ, हायलायटरने पिवळी केलेली.

आता त्या पिवळ्या ओळीच्या मागे काय दडलंय ते पाहू.

रुमेनला आपल्याकडे कोठीपोट म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे, कारण ती खरोखर कोठीच असते. मोठ्या गाईत शंभर लिटरहून अधिक मावेल एवढी, पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापणारी. आत ऑक्सिजन जवळपास नाही, उबदार अंधार, तापमान साधारण 39 अंश सेल्सियस. तिथल्या एक मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या आसपास जिवाणू असतात. गवतातलं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम गाईचं शरीर बनवूच शकत नाही. ते काम हे जिवाणू करतात. गाय गवत आधी त्यांना वाढते, ते त्याची आम्लं करतात, ती आम्लं कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गाईला बहुतेक ऊर्जा तिथूनच मिळते. मग हे पाहुणेच पुढे वाहत चौथ्या पोटात जातात आणि तिथे पचून गाईची प्रथिनं होतात. ज्यांना जेवू घातलं, शेवटी त्यांनाच खाल्लं! दिवसाला काही शे लिटर मिथेन तयार होतो, तो बहुतेक सगळा ढेकरांवाटे तोंडाने बाहेर पडतो. ढेकर अडली की पोट फुगतं, डावी भकाळी ढोलासारखी ताणते आणि डॉक्टर येईपर्यंतचा एकेक मिनिट मोलाचा ठरतो.

कोठीपोटाला लागून जाळीपोट. आतून मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. गाय चारा हुंगून हुंगून निवडत नाही, जिभेने ओढते आणि गिळते. त्यामुळे चाऱ्यातला खिळा, तारेचा तुकडा इथे येऊन बसतो. जाळीपोट आकसतं तेव्हा तार पुढे ढकलली जाते. पुढे पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. गोठ्याच्या कुंपणातून तुटलेली तार गाईच्या हृदयाला टोचू शकते, ती अशी. म्हणून कधी कधी गाईला लोहचुंबक गिळायला देतात. तो जाळीपोटात मुक्काम करतो आणि लोखंड धरून ठेवतो.

जाळीपोट आणि तिसरं पडदेपोट यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे. तिच्यातून बारीक झालेलं तेवढंच पुढे जातं. जाडंभरडं वर तरंगत राहतं आणि पुन्हा तोंडाकडे चावायला येतं. चौथं ते खरं पोट, आपल्यासारखं आम्लाचं. नवजात वासराला मात्र ही सगळी यात्रा नको असते. ते आचळाला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटून नळी होते आणि दूध कोठीपोट टाळून थेट खऱ्या पोटात उतरतं. हे सगळं त्या दोन कोपऱ्यांमागे होतं!

आणि ही झाली फक्त गाय. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप, या काळात असे कितीतरी देह उलगडायचे. घोड्याला पित्ताशय नाही आणि त्याला उलटीही करता येत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतते. कोंबडीचं रोजचं तापमान 41 अंशांच्या पुढे, आपल्याला तेवढा ताप आला तर धावपळ होईल. गाय-बैलाला वरचे पुढचे दातच नाहीत, तिथे कडक गादी असते. खालचे दात बघून वय सांगायचं, हे कॉलेजात शिकवतात. पण बैलबाजारातला म्हातारा ओठ उचलून ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’ असं केव्हाच सांगून मोकळा झालेला असतो. खिलार जोडीच्या घरचा मुलगा या तासाला पहिल्यांदा वर्गात मान वर करून बसतो.

मग त्या दोन-तीन वर्षांचं काय? वाया गेली का? हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती विसरतो ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीला सगळ्यांत वेगाने होतं, आणि उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा काही दिवसांवर वाटून घेतली तर कमी फेऱ्यांत काम होतं. अंतर ठेवून पुन्हा समोर आणलेलं टिकतं. गाय हेच करते: चरते एकदा, चावते नंतर, निवांतपणी. म्हणून रिपीटरला माझं एकच सांगणं आहे. तीच नोट पुन्हा गिळण्यात वर्ष घालवू नका. जे जाडंभरडं राहिलं, तेवढंच वर आणा आणि बारीक करा. आणि ज्याला एमबीबीएसच हवं, त्याने ही जागा केवळ अडवून ठेवू नये. यादीत खाली कुणीतरी तिच्यासाठी तिसऱ्यांदा बसलेलं असतं.

आत गेल्यावर दवाखान्यात पहिल्या दिवसांत शिकवतात ते अगदी साधं आहे. गाईच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरायची आणि घड्याळ बघायचं. निरोगी गाईचं कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा मुठीला खालून उचलतं. त्याहीआधी, गावाकडून फोन आला की डॉक्टर मालकाला हमखास विचारतात ते इतकंच: ‘रवंथ करतेय का?’ करत असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते.