नाव एकच, इंजिन निराळे

समजा, फर्दापूरकडून अजिंठ्याचा घाट चढून एक जुनी ऑक्टाव्हिया मोटार वर आली आणि रस्त्याच्या कडेच्या गॅरेजपुढे थांबली. गाडीची ताकद गेली आहे. अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून शिटीसारखा आवाज येतो. मागे डिकीवर 'आर.एस.' ही अक्षरे आहेत. मालक म्हणतो, "मिस्त्री, टर्बो गेला असेल तर नवा मागवा, पैशांची काळजी करू नका." मिस्त्री मुंबईला फोन लावून ऑक्टाव्हिया आर.एस.चा टर्बो मागवतो. चार दिवसांनी पार्सल येते आणि भाग बसत नाही. दुकानदार म्हणतो, खोललेला माल परत घेत नाही. पैसे अडकले, गिऱ्हाईक नाराज झाले आणि गॅरेजचे नाव खराब झाले.

यात दुकानदाराची चूक नाही आणि मिस्त्रीचीही पूर्ण नाही. दोघांनीही गाडीच्या नावावर विश्वास ठेवला. वेगवान टर्बो गाड्यांच्या व्यवसायात नाव एक असते, पण देशागणिक आणि सालागणिक आतला माल बदलतो. ज्या कारागिराला आणि सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला हा फरक कळला, त्याच्या हाती चांगला धंदा आहे. ज्याला कळला नाही, त्याचे नुकसान ठरलेले आहे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

रॅलीतून बाजारात

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरणारा पंखा होय. तो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. आपल्याकडच्या मिस्त्रींना डिझेल जीप आणि पिकअपमुळे हा पंखा चांगलाच ओळखीचा आहे.

साध्या चार दारांच्या पेट्रोल मोटारीत तो जोरात आला रॅलीच्या शर्यतींमुळे. रॅली म्हणजे गोल ट्रॅकवरची शर्यत नव्हे. माती, खडी, बर्फ आणि घाट अशा खऱ्या रस्त्यांवर घड्याळ लावून गाडी पळवायची असते. 1987 पासून जागतिक रॅलीत असा नियम आला की जी गाडी शर्यतीत उतरवायची, तीच गाडी ठरावीक संख्येने सामान्य गिऱ्हाइकांसाठीही बनवली पाहिजे. आधी ही संख्या वर्षाला 5,000 होती, 1990 च्या दशकात ती 2,500 झाली. या नियमापोटी 1992 साली जपानमध्ये दोन गाड्या जन्माला आल्या, मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स. दोन्ही दोन लिटरच्या, टर्बो असलेल्या आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या होत्या. 1995 साली कॉलिन मॅक्रे सुबारूवर जगज्जेता झाला. 1996 ते 1999 अशी सलग चार वर्षे टॉमी मॅकिनेनने मित्सुबिशीवर तो मान मिळवला. शर्यत रविवारी जिंकायची आणि गाडी सोमवारी विकायची, असा हा व्यापार होता.

देश बदलला की गाडी बदलली

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहा. जपानमध्ये तेथील कंपन्यांनी आपसात ठरवले होते की 280 अश्वशक्तीपेक्षा जास्त ताकद जाहीर करायची नाही. हा समझोता 2004 पर्यंत चालला. तेथे मोटारीवरचा कर इंजिनाच्या आकारावर असल्याने दोन लिटरचे इंजिन सोयीचे पडे. पंपावर उंच ऑक्टेनचे पेट्रोलही मिळे.

अमेरिकेत याच सुबारूची तेज आवृत्ती, एसटीआय, 2003 साली पोहोचली तेव्हा तिच्यात दोन नव्हे तर अडीच लिटरचे इंजिन होते आणि ताकद 300 अश्वशक्ती होती. त्याच वर्षी लान्सर इव्होल्यूशन तेथे 271 अश्वशक्तीची विकली गेली. ब्रिटनमध्ये मात्र हीच इव्होल्यूशन दोन लिटरच्याच इंजिनावर 400 अश्वशक्तीच्या वर नेऊन 'एफक्यू-400' या नावाने विकली. म्हणजे जपान, अमेरिका आणि ब्रिटन या तीन देशांत नाव तेच राहिले, पण पिस्टन, टर्बो आणि कॉम्प्युटरची मांडणी निराळी झाली.

आपल्याकडे काय आले? 1998 पासून हिंदुस्तान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवळ्ळूर येथे लान्सर बनवली. नाव लान्सर, तोंडवळाही लान्सरचा, पण पेट्रोल गाडीत टर्बो नव्हता. रॅलीची इव्होल्यूशन आपल्या बहुतेक लोकांनी चित्रातच पाहिली. पुढे 2016 मध्ये इव्होल्यूशनचे उत्पादन संपले आणि 2022 मध्ये सुबारूनेही पेट्रोलची नवी एसटीआय काढणार नसल्याचे जाहीर केले.

शेंद्र्याची गोष्ट

जपानी गाड्या दूर राहिल्या, पण युरोपातील रॅलीचे एक घराणे थेट आपल्या जिल्ह्यात आले. औरंगाबाद, म्हणजे 2023 पासूनचे छत्रपती संभाजीनगर, येथून जालना रस्त्याला लागले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. येथे 2001 पासून झेक प्रजासत्ताकाच्या स्कोडा कंपनीची ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली.

स्कोडाच्या 'आर.एस.' या अक्षरांचा अर्थच 'रॅली स्पोर्ट' असा आहे. 1977 च्या माँटे कार्लो रॅलीत स्कोडाच्या 130 आर.एस. गाड्यांनी आपल्या गटात पहिला आणि दुसरा क्रमांक पटकावला. 1999 साली ऑक्टाव्हिया जागतिक रॅलीत उतरली आणि 2001 च्या केनियातील सफारी रॅलीत आर्मिन श्वार्झने तिला तिसरी आणली. आपला गौरव गिल यानेही आशिया-पॅसिफिक रॅलीचे विजेतेपद 2013, 2016 आणि 2017 साली मिळवले, ते एम.आर.एफ. संघाकडून, स्कोडा फाबियावर.

2004 मध्ये ऑक्टाव्हिया आर.एस. भारतात विक्रीस आली. युरोपात या गाडीचे 1.8 लिटरचे टर्बो इंजिन 180 अश्वशक्तीचे होते. आपल्याकडच्या गाडीला 150 मिळाली. टर्बोचा पंखा, कॉम्प्युटर आणि इतर बारीक भाग त्यामुळे सारखे राहिले नाहीत. ज्या मिस्त्रीने युरोपच्या यादीवरून भाग मागवला, तो येथेच फसला.

2011 साली पुढची पिढी आपल्याकडे 'लॉरा' या नावाने आर.एस. म्हणून आली. युरोपात दोन लिटर आणि 200 अश्वशक्ती, भारतात 1.8 लिटर आणि 160 अश्वशक्ती. म्हणजे येथे तर नावही बदलले आणि इंजिनही.

कारण काय? पहिले कारण पेट्रोल. टर्बोने दाबलेली हवा गरम असते. पेट्रोलचे ऑक्टेन कमी असेल तर ते ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटते, इंजिन खडखडते आणि शेवटी पिस्टन फुटतो. म्हणून टर्बो इंजिनाची ताकद ठरवताना त्या देशातल्या पंपावरचे पेट्रोल विचारात घ्यावेच लागते. आपल्याकडे साधे पेट्रोल पुष्कळ वर्षे 91 ऑक्टेनपर्यंतच होते, युरोपात 95 हे नेहमीचे. दुसरे कारण किंमत. जे इंजिन देशात आधीच दुसऱ्या गाडीसाठी येत आहे, तेच वापरले तर खर्च वाचतो आणि सुटे भागही मिळतात.

घोडे वाढले, गाड्या घटल्या

यानंतरचे आकडे बोलके आहेत. 2017 मध्ये ऑक्टाव्हिया आर.एस. भारतात दोन लिटर आणि 230 अश्वशक्तीची आली, किंमत 24 लाख 62 हजार. 2020 मध्ये 245 अश्वशक्तीची आली, पण फक्त 200 गाड्या, पूर्ण तयार अवस्थेत आयात केलेल्या, किंमत 35 लाख 99 हजार. ऑक्टोबर 2025 मध्ये 265 अश्वशक्तीची आली, तीही आयात केलेली, फक्त 100 गाड्या, किंमत 49 लाख 99 हजार. त्या लगेच संपल्या. (किमती एक्स-शोरूम.)

ताकदीत आपण युरोपच्या बरोबरीला आलो, पण गाडी कारखानदाराची राहिली नाही, आयातदाराची झाली. तयार गाडीवर सीमाशुल्क जबर बसते. 2021 साली शेंद्र्याला जुळवलेली 190 अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया 25 लाख 99 हजारांपासून मिळत होती. 2023 मध्ये नवे प्रदूषण नियम आले आणि ती बंद झाली. 2018 साली सरकारने वर्षाला 2,500 पर्यंत परदेशी मान्यता असलेल्या गाड्या येथील चाचण्यांशिवाय आणण्यास परवानगी दिली. स्टिअरिंग उजवीकडे हवे ही अट राहिली. त्या वाटेने या मोजक्या गाड्या येऊ शकतात. पण शंभर गाड्यांसाठी कोणी आपल्या भागातून रबर, काच किंवा वायरिंग विकत घेणार नाही. जुळणी जिल्ह्यात असली की लहान पुरवठादारापासून चहावाल्यापर्यंत सर्वांचा चूल्हा पेटतो, बंदरावर उतरलेल्या तयार गाडीने तो पेटत नाही.

मग आपल्या हाती काय उरते?

दुरुस्ती आणि सुटे भाग उरतात, आणि ते थोडे नाही. टर्बो पेट्रोल आता श्रीमंताची चैन राहिली नाही. 2022 पासून पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या स्कोडा स्लाव्हियात दीड लिटरचे टर्बो इंजिन 150 अश्वशक्ती देते. म्हणजे 2004 च्या आर.एस.इतकीच. 2023 च्या ह्युंदाई व्हर्नात दीड लिटरचे टर्बो इंजिन 160 देते, म्हणजे 2011 च्या लॉरा आर.एस.इतकी. काल जी रॅलीची ताकद होती, ती आज शाळेत मुलांना सोडणाऱ्या गाडीत आहे. कंपनीची हमी संपली की याच गाड्या सिल्लोड, अजिंठा, पहूरच्या गॅरेजात येणार आहेत. त्यासाठी कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, भाग नावावरून मागवू नका. स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडी गाड्यांच्या डिकीत, स्टेपनीच्या खोबणीत, एक पांढरा कागदी स्टिकर असतो. तोच सर्व्हिस बुकातही असतो. त्यावर चेसिस नंबर, इंजिनाचा कोड आणि गिअरबॉक्सचा कोड लिहिलेला असतो. स्टिकर गेला असेल तर आर.सी. बुकातला चेसिस नंबर घ्या. त्याचा फोटो दुकानदाराला पाठवा, मगच पैसे पाठवा. दुकानदारांनीही कोड विचारल्याशिवाय माल पाठवू नये. एक प्रश्न विचारला तर दोघांचेही भांडण वाचते.

दुसरी गोष्ट, टर्बोला दोष देण्याआधी हवेचे पाइप तपासा. शिटीसारखा आवाज आणि ताकद जाणे हे पुष्कळदा फाटलेल्या रबरी पाइपाचे किंवा सैल क्लिपचे लक्षण असते. थोड्या पैशांच्या पाइपासाठी महागडा टर्बो बदलू नका. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, असे सरकारनेही 2025 मध्ये म्हटले आहे. म्हणून इंधनाच्या नळ्याही पाहा.

तिसरी गोष्ट तेलाची. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल घाला आणि वेळेवर बदला. गिऱ्हाइकाला सांगा की घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर सावकाश चालू ठेवावे. नाहीतर गरम टर्बोत तेल जळून नळी चोंदते.

चौथी गोष्ट, जुनी आर.एस. विकत घेताना किंवा विकताना कॉम्प्युटरमध्ये बदल करून ताकद वाढवली आहे का, ते स्कॅनर लावून पाहा आणि समोरच्याला सांगा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो. बिलावर भाग नवा की दुरुस्त केलेला, हे स्वच्छ लिहा.

स्कॅनरला घाबरण्याचे कारण नाही. ज्या हातांनी कार्ब्युरेटर कानाने जुळवला, त्यांना पडद्यावरचे आकडे वाचणे जड नाही. शहरात आय.टी.आय. आहे, इंडो-जर्मन टूल रूम आहे. घरातला मुलगा शिकायला पाठवा, पण त्याने सकाळी गॅरेजात उस्तादाजवळही बसावे. पुस्तकातले ज्ञान आणि हाताचा अंदाज दोन्ही एका घरात आले पाहिजेत.

आता पुन्हा घाटावरच्या त्या गाडीकडे या. मिस्त्रीने फोन लावण्याआधी डिकी उघडून स्टिकर पाहिला असता आणि पाइपावर हात फिरवला असता, तर कदाचित गाडी त्याच संध्याकाळी औरंगाबादच्या रस्त्याला लागली असती. मालकाचे हजारो रुपये वाचले असते आणि पुढच्या वेळी जळगावहून येताना तो त्याच गॅरेजपुढे थांबला असता.