वाजतो, म्हणून धडधाकट?

जुना स्टिरिओ विकणारा माणूस पुरावा म्हणून एकच गोष्ट करतो: प्लग लावतो, बटण दाबतो आणि गाणं वाजवून दाखवतो. मुंबईच्या चोरबाजारात काय किंवा घर आवरणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या दिवाणखान्यात काय, आवाज आला की सौदा पक्का. १९७०च्या दशकातल्या रिसीव्हरच्या बाबतीत मात्र हा पुरावा फारच लंगडा आहे. स्पीकरच्या टोकांवर एखादा व्होल्ट डीसी येत असला तरी गाणं व्यवस्थित ऐकू येतं. कॉइल त्या वेळी आतल्या आत तापत असते आणि कोन मधल्या जागेवरून सरकलेला असतो. पॉवर सप्लायमधला कपॅसिटर अर्धामुर्धा सुकला असला तरी हळू आवाजात ते कळत नाही. उलट ‘एक चॅनेल डेड आहे’ म्हणून विकणारा जो संच स्वस्तात काढून टाकतो, त्याचा दोष कित्येकदा टेप मॉनिटरच्या काळवंडलेल्या स्विचपुरताच असतो. म्हणजे वाजणारा संच आजारी निघू शकतो आणि मुका संच ठणठणीत. म्हणून माझं म्हणणं असं, की जुना स्टिरिओ उभा करण्यात सोल्डरिंग दुय्यम आहे. मुख्य काम तपासणीचं. आणि तपासणीत जे बिघडलेलं ठरेल, तेवढ्यालाच हात लावावा.

तपासणी सुरू होते ती मागच्या पाटीपासून. १९९१पूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे आपल्याकडचे बरेचसे पायोनिअर, सॅन्सुई, आकाई बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या किंवा आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून आले, आणि कोणता संच कुठल्या देशासाठी बनला होता याचा नेम राहिला नाही. जपानी बाजारासाठीचा संच १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२०चा, आपला पुरवठा २३०चा. बऱ्याच निर्यात मॉडेलना मागे व्होल्टेज निवडायची सोय असते. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पण ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, फ्रीक्वेन्सी तीच राहते. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर बेतलेली रेकॉर्ड प्लेअरची सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाच्या जागी पाचच फेरे घेते, म्हणजे तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी जेमतेम २७.८ वेळा फिरते. सहाला पाच हे षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातलं अंतर. काळी दोनमध्ये गायलेला ख्याल पांढरी एकमध्ये उतरतो आणि लयही रेंगाळते. इथे नवा पट्टा किंवा नवी सुई घालून काही साधत नाही. मोटरच्या दांड्यावर ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते. खात्री करायला १८० रेघांची कागदी चकती पुरते: मेन्सवर लावलेल्या निऑन दिव्याच्या उजेडात फिरत्या चकतीवरच्या रेघा स्थिर दिसल्या, तर वेग बरोबर. हाच घोळ ट्यूनरचा. त्या काळी जपानचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा होता, आणि मुंबईची बहुतेक एफएम केंद्रं ९०च्या पुढची. जपानी घरगुती संचावर ती लागत नाहीत, यात ट्यूनरचा बिघाड काहीच नसतो.

यानंतर झाकण उघडून फ्यूज पाहावा. त्याच्या जागी कुणी तार गुंडाळली असेल, तर आधी कुणीतरी चुकीच्या घाईने दुरुस्ती केली आहे हे समजावं. पहिली वीज द्यायची ती सिरीज बोर्डवरून, म्हणजे संचाच्या वाटेत जुन्या पद्धतीचा, तार तापून उजळणारा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब ठेवून. एलईडी इथे चालत नाही. संच निरोगी असेल तर बटण दाबताच बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, कारण रिकामे मोठे कपॅसिटर भरत असतात. मग उजेड झरझर उतरतो आणि आतली तार नुसती लालसर दिसत राहते. प्रोटेक्शन रिले असेल तर काही सेकंदांनी त्याचा ‘टक्’ ऐकू येतो. बल्ब लख्खच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायर. तेव्हा लगेच बंद करावं. थेट भिंतीतल्या प्लगवर हाच प्रयोग केला असता, तर त्या शॉर्टचा भार ट्रान्सफॉर्मरवर गेला असता. आणि जळलेला ट्रान्सफॉर्मर सहसा पुन्हा मिळत नाही.

बल्बची परीक्षा पार पडली की मल्टिमीटर. स्पीकर न जोडता त्यांच्या टोकांवर डीसी मोजायचा: ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त, शेकड्यांत गेला तर शोध घ्यायचा, व्होल्टमध्ये असेल तर स्पीकर लावायचाच नाही. हमिंगही बोलकं असतं. आवाज शून्यावर असतानाही ते येत असेल आणि १०० हर्ट्झचं असेल, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर. ५० हर्ट्झचं असेल तर बहुधा अर्थिंग किंवा इनपुटची वायर. एका बाजूला आवाज नसेल तर इनपुटच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करून पाहाव्यात: दोष बाजू बदलतो की तिथेच राहतो, यावरून तो पिनेच्या अलीकडचा की पलीकडचा हे कळतं. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर तर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने आणि दांडा भरपूर मागे-पुढे फिरवल्याने जाते. बिजागऱ्यांसाठीचं स्प्रे तेल मात्र तिथे मारू नये. त्याचा थर धूळ धरून ठेवतो.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की कपॅसिटर पन्नास वर्षांचे झालेच आहेत, तर उघडल्यासरशी सगळेच बदलून मोकळं व्हावं. युक्तिवाद वजनदार आहे, कारण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वयाने सुकतो हे खरंच. पण त्या काळच्या बोर्डांवरची तांब्याची पट्टी तापवली की सहज उखडते. दर बदलीला ड्राय सोल्डर, उलटं प्लस-मायनस आणि नकली माल हे धोके वाढतात. शिवाय एका दमात पन्नास भाग बदलल्यावर संच बिघडला, तर त्यातला गुन्हेगार कोणता हे सांगता येत नाही. मी अपवाद करतो तो स्पीकरच्या कडेच्या फोमचा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत तो भुगा होतोच. कडा कापडाची किंवा रबराची असेल, तर ती टिकते. फोमला मीटर लागत नाही, बोट लावून दाबलं की पुरे.

दुसरा आक्षेप रसिकांचा: दुरुस्तीने जुन्या संचाचा ऊबदार आवाज जातो. इथे मला उलट विचारावंसं वाटतं, ती ऊब नेमकी कशाची? एफएम केंद्र उंच स्वर मुद्दाम वाढवून पाठवतं आणि रिसीव्हर ते तेवढेच उतरवतो. त्याचं माप अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, भारतात ५०. अमेरिकन संचावर आपलं केंद्र लावलं, की १० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबलने जास्तच उतरतो. ऐकणाऱ्याला तो मऊ वाटतो, प्रत्यक्षात ती मापांची तफावत आहे. कुणाला तोच आवाज आवडला, तर जरूर ठेवावा. शेवटचा निवाडा कानाचाच. फक्त आपण गुण ऐकतोय की दोष, हे आधी माहीत हवं.

मग हा खटाटोप कशासाठी, नवा लहानसा ॲम्प्लिफायर स्वस्तात जास्त स्वच्छ वाजतो की, असं कुणी म्हणेल. स्वच्छतेच्या बाबतीत ते मान्यच आहे. जुन्या संचाचं मोल दुसरीकडे आहे. त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट छापलेलं असतं, जागोजागी किती व्होल्ट हवेत तेही. भाग सुटे आणि हाताने काढता येण्याजोगे असतात, त्यातले बरेचसे किंवा त्यांच्या तोडीचे लॅमिंग्टन रोडवर मिळतात. डिंकाने बंद केलेल्या ब्लूटूथ स्पीकरला असा जाब विचारता येत नाही. अर्थात प्रत्येक जुना संच या लायकीचा नसतो. ट्रान्सफॉर्मर जळलेला असेल, किंवा आउटपुटचा एसटीके मालिकेतला आयसी गेला असेल आणि बाजारात त्याच्या नकलाच मिळत असतील, तर त्यात पैसे ओतण्यापेक्षा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या संचासाठी तो सुटे भाग म्हणून ठेवावा. कोणता संच दुरुस्तीच्या टेबलावर जाईल आणि कोणता सुट्या भागांच्या फळीवर, हे मोजमापावर ठरावं, हौसेवर नव्हे.